जाळीच्या टोकदार चमच्याला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आहे: जुन्या इंग्रजी चांदीच्या चहासंचात एक जास्तीचा चमचा आहे. आकार साधारण चहाच्या चमच्याएवढा, पण खोलगट भागाला नक्षीदार भोके, दांडा सळईसारखा बारीक आणि शेवटी भाल्यासारखे टोक. याला ‘गाळणी’ म्हणावे की ‘झारा’?

दोन्ही नकोत. गाळणी जागेवर राहते आणि चहा तिच्यातून ओततात. इथे चहा आधीच कपात असतो. त्यावर तरंगणारा पत्तीचा चुरा चमच्याने वरच्यावर उचलायचा आणि भोकांतून चहा निथळू द्यायचा. काम झाऱ्याचे आहे, पण झारा म्हटले की कढई आणि तळण डोळ्यांपुढे येते. आकाराने लहान म्हणून ‘झारी’ म्हणावे, तर ते चोचीचे वेगळेच भांडे.

दांड्याचा उलगडा मात्र त्याच झारीत आहे. चांदीच्या किटलीत चोच जिथे आतून सुरू होते, तिथे पोटाच्या पत्र्यालाच बारीक भोके पाडलेली असतात. भिजून फुगलेली पाने तिथे अडकली की चोचीतून धार येत नाही. चोचीतून टोकदार दांडा घालून ती भोके मोकळी करायची. झारीतल्या शुक्राचार्यांना वामनाने दर्भाने टोचले, नेमके तेच काम! म्हणून टोक बोथट असेल किंवा दांडा चोचीत शिरत नसेल, तर चमचा बहुधा दुसऱ्या कामाचा आहे. साखर भुरभुरण्याच्या चमच्यालाही भोके असतात, पण त्याचा खोलगट भाग मोठा आणि दांडा रुंद असतो.

इंग्रजीत याला ‘मोट स्पून’ म्हणतात. मराठीत तसेच लिहिले तर विहिरीवरची मोट आठवणार. मुळात तो शब्द बारीक कणासाठी आहे. १६११ च्या इंग्रजी बायबलात भावाच्या डोळ्यात जो ‘मोट’ दिसतो, त्याच वचनात मराठी बायबलात ‘कुसळ’ आहे. मुसळाच्या जोडीने ते सगळ्यांच्या तोंडी आहे. तेव्हा ‘कुसळचमचा’ हा शब्द मला सर्वांत नेमका वाटतो. ‘मोट स्पून’ हे नाव तसे नंतरच्या काळातले. लंडन गॅझेट या सरकारी वृत्तपत्रात १६९७ साली उल्लेख येतो तो निमुळत्या टोकदार दांड्याच्या ‘लांब किंवा गाळणीच्या’ चहाच्या चमच्यांचा. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्वतंत्र गाळणी रूढ झाली आणि हा चमचा मागे पडला.

नाव ठरले तरी वस्तू खरी आहे का, हे वेगळे पाहावे लागते, कारण साध्या चहाच्या चमच्याला भोके पाडून आणि दांडा बारीक करून असे चमचे बनवलेले आढळतात. भिंगाखाली भोकांच्या कडा पाहाव्यात. वापराने आणि घासण्याने जुन्या कडा गुळगुळीत होतात, नव्या धारदार राहतात. खोलगट भागाचे टोक झिजलेले आणि भोके मात्र कोरी असतील, तर भोके नंतरची. दांड्याला भाल्याचे टोक मागाहून डाखले असेल, तर त्यावर तोंडाची वाफ सोडावी: डाखाची रेघ क्षणभर वेगळ्या रंगाची दिसते.

चांदीवर उमटवलेल्या कारागिराच्या आणि शुद्धतेच्या ठशांवरून घाईने निवाडा करू नये. १७८० च्या आसपासपर्यंत अशा लहान चमच्यांवर बहुधा कारागिराची अक्षरे आणि चालता सिंह (इंग्रजी चांदीच्या शुद्धतेची खूण) एवढेच असते, वर्ष सांगणारे अक्षर नसते. तेही खोलगट भागाजवळ, दांड्याच्या मुळाशी. बारीक दांड्यावर ठसा चेपला जातोच, म्हणून निव्वळ अर्धवट ठशावरून चमच्याला बनावट म्हणणे बरोबर नाही.