गणिताची शंका : ‘बेरीज आधी’ म्हणजे नेमके काय?

प्रश्न : मुलगी सहावीत आहे. ‘कंचेभागुबेव’ म्हणजे कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी, हे तिला तोंडपाठ आहे. त्या क्रमाने तिने २० − ८ + ५ चे उत्तर ७ काढले आणि ते चूक ठरले. असे का?
– एक पालक, पाचोरा

उत्तर : बरोबर उत्तर १७. मुलीने आधी ८ + ५ = १३ केले आणि ते २० मधून वजा केले. पण वजाचे चिन्ह एकट्या ८ चे आहे. ५ तर मिळवायचे होते. ८ ला चिकटवल्यामुळे तेही वजा झाले.

बेरीज आणि वजाबाकी यांचा मान सारखा. दोन्ही असतील तर डावीकडून उजवीकडे जायचे : २० − ८ = १२, १२ + ५ = १७. बेरीज आधी करायचीच असेल तर अधिक चिन्हाच्या सगळ्या संख्या एकत्र घ्याव्यात : २० + ५ = २५, मग २५ − ८ = १७. ‘बे’ आधी येतो तो एवढ्याच अर्थाने. हे न सांगता नुसती अक्षरे घोकून घेतली की हुशार मुलेच जास्त फसतात, कारण ती नियम शब्दशः पाळतात.

गुणाकार-भागाकाराचेही तसेच. २४ ÷ ६ × २ = ८; गुणाकार आधी केला तर २ येतात, ते चूक. भागाकार आधी केल्याने उत्तर बिघडत नाही. मात्र लागोपाठ दोन भागाकार असतील तर डावीकडूनच सुरुवात करावी : ४८ ÷ ८ ÷ २ = ३. उजवीकडून गेलात तर १२ येतील.

‘चे’ म्हणजे गुणाकारच, पण तो भागाकाराच्याही आधी करायचा. ६० ÷ १/२ चे २० यात २० चे निम्मे १०, म्हणून उत्तर ६. तिथे ‘चे’ ऐवजी × असता तर उत्तर २४०० आले असते.

प्रश्न : केळीच्या पट्टीचा (विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या चिठ्ठीचा) हिशेब मोबाइलवर बरोबर येतो, दुकानातल्या साध्या कॅल्क्युलेटरवर भलताच. यंत्र बिघडले का?
– एक शेतकरी, रावेर तालुका

उत्तर : नाही. समजा १२ क्विंटल माल १४५० रुपयांनी आणि ८ क्विंटल १२०० रुपयांनी गेला (भाव उदाहरणापुरते) : १२ × १४५० + ८ × १२००. मोबाइल आधी दोन्ही गुणाकार करतो : १७४०० + ९६०० = २७०००. साधे यंत्र मात्र जसजशी बटणे दाबाल तसतसे उरकत जाते. ते १७४०० रुपयांत ८ क्विंटल मिळवते आणि सगळ्याला १२०० ने गुणते. आकडा दोन कोटींच्या वर जातो. रुपयांत क्विंटल मिळवता येत नाहीत, म्हणून तर गुणाकार आधी.

उपाय ‘एम प्लस’ (M+) बटणाचा. ते आलेले उत्तर यंत्राच्या स्मृतीत मिळवून ठेवते. १२ × १४५० करून एम प्लस, ८ × १२०० करून एम प्लस. हमाली २० क्विंटलला १५ रुपयांप्रमाणे कापायची असेल तर २० × १५ करून ‘एम मायनस’ (M−), म्हणजे तेवढी रक्कम स्मृतीतून वजा. शेवटी साठलेली रक्कम दाखवणारे ‘एमआरसी’ (MRC) दाबा : २६७००. नवी पट्टी घेण्याआधी पडद्याच्या कोपऱ्यात ‘एम’ दिसतो का ते पाहा. दिसला तर आधीची रक्कम आत आहे. एमआरसी दोनदा दाबून ती पुसा, नाहीतर ती नव्या हिशेबात मिळेल.