एनएफटीचा फ्लोअर दिसतो, मग गिऱ्हाईक का मिळत नाही?

तुम्ही विचारलं आहे की 2021 मध्ये घेतलेली तीन एनएफटी (चित्रासारख्या डिजिटल वस्तूच्या मालकीची ब्लॉकचेन या सामायिक खातेवहीवरची टोकन) वॉलेटमध्ये तशीच पडून आहेत, साइटवर त्यांचा फ्लोअर अजून दिसतो, पण विकायला गेलं की कोणी घेत नाही. हे सगळं आपटलं कसं आणि आता त्यांचं काय करायचं?

त्या काळात दीडेक वर्ष मी अशा एनएफटींच्या संचांचे, म्हणजे कलेक्शनचे, स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट (ब्लॉकचेनवर आपोआप चालणारे प्रोग्राम) लिहायचं काम केलं आहे. त्यामुळे बाजार चढतानाही जवळून पाहिला आणि बसतानाही. सुरुवात फ्लोअर या शब्दापासूनच करतो, कारण तुमची अडचण त्यातच आहे.

फ्लोअर म्हणजे कलेक्शनमधल्या सगळ्यात स्वस्त नगावर विकणाऱ्याने लावलेली किंमत. घेणाऱ्याचा त्यात काही संबंध नाही. उद्या तुम्ही तुमचा नग दुप्पट किमतीला लावलात आणि बाकी सगळ्यांनी आपापले नग काढून घेतले, तर फ्लोअर दुप्पट झालेला दिसेल, एक पैसाही हलणार नाही. पण तेव्हा लोक फ्लोअर गुणिले आपल्याकडचे नग असा हिशेब करून आपली मालमत्ता मोजत होते आणि त्या आकड्याच्या भरवशावर पुढची खरेदी करत होते. मी ज्यांच्यासाठी काम करत होतो ते हुशार लोकही हेच करत होते.

ट्विटरचे सहसंस्थापक जॅक डॉर्सी यांच्या पहिल्या ट्विटचं एनएफटी मार्च 2021 मध्ये सुमारे 29 लाख डॉलरला गेलं. घेणाऱ्याने एप्रिल 2022 मध्ये ते पुन्हा विकायला काढलं आणि किंमत लावली 4 कोटी 80 लाख डॉलर. मुदत संपली तेव्हा सगळ्यात मोठी बोली होती जेमतेम 280 डॉलरची. ट्विट तेच, टोकनही तेच. मागणारा भाव आणि देणारा भाव यांच्यातली दरी त्या दिवशी उघड्यावर आली, एवढंच.

आता मुळात विकलं काय जात होतं ते बघा. ईआरसी-721 हे इथेरियम या ब्लॉकचेनवरच्या एनएफटीसाठी 2018 मध्ये पक्कं झालेलं मानक आहे. त्याप्रमाणे लिहिलेल्या कॉन्ट्रॅक्टमध्ये मुख्यतः दोन रकाने असतात, टोकनचा क्रमांक आणि त्यापुढे मालकाच्या वॉलेटचा पत्ता. बहुतेक कलेक्शनमध्ये चित्र तिथे नसतंच. कॉन्ट्रॅक्टला 'टोकन यूआरआय' विचारलं की तो एक लिंक देतो, त्या लिंकवर छोटी जेसन फाइल असते, तिच्यात नाव, वर्णन, टोपी-चष्मा-पार्श्वभूमी असे गुण आणि चित्राची आणखी एक लिंक. म्हणजे मालकीची नोंद ब्लॉकचेनवर आणि चित्र दोन लिंका पलीकडे, कोणाच्या तरी सर्व्हरवर.

मी काम केलेल्या एका कलेक्शनमध्ये 5,000 नग होते आणि चित्रं साध्या भाड्याच्या सर्व्हरवर ठेवलेली होती. ती आयपीएफएसवर (अनेक संगणकांवर फाइल ठेवणाऱ्या जाळ्यावर) टाकून कोणीतरी कायम जपायला हवीत, हे मी सांगितलं होतं. मिंट (टोकन बनवून पहिली विक्री) झाल्यावर बघू, असं उत्तर मिळालं. वर्षभरात सर्व्हरचं बिल थकलं. आजही त्या 5,000 टोकनची मालकी ब्लॉकचेनवर बिनचूक आहे आणि चित्राच्या जागी राखाडी चौकोन दिसतो. मोठ्यांचंही तेच झालं. एफटीएक्स हे क्रिप्टो एक्स्चेंज नोव्हेंबर 2022 मध्ये बुडालं तेव्हा त्यांच्या सर्व्हरवरची एनएफटी चित्रं गेली, आणि एप्रिल 2025 मध्ये तेव्हा नाइकीच्या मालकीच्या असलेल्या आरटीएफकेटी कंपनीच्या क्लोनएक्स टोकनवरची चित्रं काही काळ गायब झाली होती.

याची सुरुवात मात्र फसवाफसवीतून झाली नव्हती, आणि हे मला आवर्जून सांगावंसं वाटतं. 2014 मध्ये केविन मॅकॉय या कलाकाराने अनिल डॅश यांच्याबरोबर आपल्या 'क्वांटम' या कलाकृतीची नोंद ब्लॉकचेनवर केली, ती पडद्यावरच्या कलेला मूळ मालक मिळावा म्हणून. 2017 मध्ये क्रिप्टोपंक्सचे 10,000 चेहरे आले, 24 बाय 24 पिक्सेलचे. बनवणाऱ्यांनी काही स्वतःकडे ठेवले आणि बाकीचे फुकट वाटले. त्याच वर्षाच्या अखेरीस क्रिप्टोकिटीज नावाच्या मांजरांच्या खेळाने इथेरियमचं जाळं तुंबवलं. तोवर हे हौशी लोकांचं काम होतं.

बदललं ते ईथर या इथेरियमवरच्या चलनाच्या भावामुळे. 2020 च्या सुरुवातीला एक ईथर 130 डॉलरच्या आसपास होता, नोव्हेंबर 2021 मध्ये 4,800 च्या वर गेला. हातात अचानक प्रचंड ईथर असलेले लोक तयार झाले आणि त्यांना ईथरमध्येच विकत घेता येईल असं काहीतरी हवं होतं. 11 मार्च 2021 ला क्रिस्टीजच्या लिलावात बीपल या कलाकाराचं काम 6 कोटी 93 लाख डॉलरला गेलं, तेही ईथर देऊन. बोली 100 डॉलरपासून सुरू झाली होती. बातमी जगभर गेली आणि ईथरशी काही देणंघेणं नसलेली माणसं पगारातले पैसे घेऊन आली. माझं मन याच लोकांपाशी अडतं. पहिल्या लाटेतल्यांनी नफ्यातलं ईथर लावलं होतं, नंतरच्यांनी बचत.

तेव्हाची मिंटची रात्र कशी असायची ते सांगतो. डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवर हजारो लोक जागे. व्हाइटलिस्टमध्ये, म्हणजे आधी खरेदी करू दिली जाणाऱ्यांच्या यादीत, नाव लागावं म्हणून कित्येकांनी आठवडेच्या आठवडे तिथे मेसेज टाकलेले. ठरलेल्या मिनिटाला विक्री उघडायची आणि मी ब्लॉकमागून ब्लॉक व्यवहार जाताना बघत बसायचो. आमचे 5,000 नग तासाभरात संपले. चित्रं तेव्हा झाकलेली असायची, सगळ्या टोकनवर एकच बंद पाकीट. दोन दिवसांनी 'रिव्हील' व्हायचं. या दोन दिवसांतच सगळ्यात चढा भाव मिळायचा! पाकीट उघडलं की बहुतेकांच्या हाती साधे गुण यायचे आणि भाव उतरायचा. घेणाऱ्याला चित्र आवडलं म्हणून भाव चढत असता, तर उलटं व्हायला हवं होतं. हे त्या रात्री माझ्या ध्यानात आलं, पण बोललो नाही, याची खंत अजून आहे.

आणि ती दुर्मिळता? कॉन्ट्रॅक्टमध्ये ती एका ओळीत लिहिलेली असते, कमाल नग 5,000 किंवा 10,000. त्या कलेक्शनपुरती ती खरी असते. पण तोच कॉन्ट्रॅक्ट उचलून, नाव आणि फोल्डर बदलून, दुसरं कलेक्शन उभं करायला मला एक संध्याकाळ पुरायची. आत माल मोजका आणि बाहेर मालाला अंत नाही. जानेवारी 2022 मध्ये ओपनसी या एनएफटीच्या बाजारपेठेच्या साइटनेच सांगितलं की त्यांच्या फुकट मिंटिंगच्या सोयीतून बनलेल्या नगांपैकी 80 टक्क्यांहून अधिक चोरीचे, नकली किंवा स्पॅम आहेत.

त्यात आकडे फुगवणं चालायचं. ऑक्टोबर 2021 मध्ये क्रिप्टोपंक 9998 हा 53 कोटी डॉलरला 'विकला' गेल्याची नोंद झाली. प्रत्यक्षात एकाच व्यवहारापुरतं उसनं घेतलेलं ईथर फिरून पुन्हा मूळ जागी गेलं होतं. हा पकडला गेला कारण रक्कम अचाट होती. छोट्या रकमांना स्वतःच्याच दोन वॉलेटमध्ये खरेदी-विक्री दाखवणारे कोणाच्या नजरेत येत नव्हते.

शेवटची मोठी रात्र 30 एप्रिल 2022 ची. बोअर्ड एप हे माकडांच्या चित्रांचं गाजलेलं कलेक्शन काढणाऱ्या युगा लॅब्सने अदरसाइड या आभासी दुनियेतले 55,000 भूखंड विकायला काढले. रांगेत पुढे घुसण्यासाठी लोकांनी काही तासांत 15 कोटी डॉलरहून अधिक नुसते गॅसमध्ये, म्हणजे व्यवहार नोंदवण्याच्या शुल्कात, जाळले. त्याच सुमारास बोअर्ड एपचा फ्लोअर 150 ईथरपर्यंत गेला होता. मे महिन्यातच टेरा-लुना ही क्रिप्टो चलनांची जोडी कोसळली, जूनपर्यंत ईथर हजार डॉलरपाशी आला. एनएफटीची किंमत ईथरमध्ये आणि ईथरची डॉलरमध्ये, त्यामुळे मार दुहेरी बसला. जुलै 2023 मध्ये बोअर्ड एपचा फ्लोअर 30 ईथरच्याही खाली होता.

चित्रकारांचं जे झालं त्याचं मला सगळ्यात वाईट वाटतं. प्रत्येक पुनर्विक्रीवर 5-10 टक्के रॉयल्टी आपोआप मिळेल, हे त्यांना आम्ही सांगितलं होतं. मीही सांगितलं होतं. खरं म्हणजे ईआरसी-721 मध्ये रॉयल्टी कापण्याची कसलीही सक्ती नाही, बाजारपेठांच्या साइट स्वखुशीने ती कापून देत होत्या. गिऱ्हाइकं आटली, ब्लरसारख्या साइट स्वस्ताईची स्पर्धा करू लागल्या आणि ऑगस्ट 2023 मध्ये ओपनसीनेही सक्ती सोडत असल्याचं जाहीर केलं. माझ्या ओळखीच्या एका चित्रकर्तीने त्या रॉयल्टीवर विसंबून नोकरी सोडली होती.

आता तुमच्या तीन नगांचं. फ्लोअरकडे बघू नका, 'ऑफर्स' उघडून बघा. तिथली सर्वात वरची बोली हाच आजचा भाव. कलेक्शनवर सरसकट लावलेली बोली असेल तर तीही चालते. बोली गॅस आणि साइटचं कमिशन वजा जाऊन काही उरण्याइतकी असेल आणि चित्रावर तुमचा जीव नसेल, तर विकून टाका. मूळ खरेदीचा आकडा डोक्यात ठेवून थांबू नका, घेणाऱ्याला त्याच्याशी काही कर्तव्य नाही. बोलीच नसेल तर निदान टोकन यूआरआयवरची जेसन फाइल आणि चित्र दोन्ही आजच उतरवून ठेवा.

एक सावधगिरी. अशा पडीक वॉलेटमध्ये अनोळखी टोकन आपोआप येऊन पडतात आणि त्यांच्यावर भलीमोठी ऑफर दिसते. ती स्वीकारायला गेलात की एखादी वेगळीच साइट उघडते आणि वॉलेट 'सेट अप्रूव्हल फॉर ऑल' अशी परवानगी मागतं. ती दिली की समोरच्याला त्या कलेक्शनमधले तुमचे सगळे नग उचलून नेता येतात. तिथे सही करू नका, आणि पूर्वी कोणाला दिलेली अशी परवानगी शिल्लक असेल तर विकायच्या आधी ती रद्द करा.