पाहुणा 'प्लाँक' म्हणाला तर

वाइनच्या टेस्टिंग रूममध्ये नवीन लागला आहेस, म्हणून हा एक शब्द आधीच सांगून ठेवते. ऑस्ट्रेलियाचा किंवा ब्रिटनचा पाहुणा 'प्लाँक' म्हणाला, तर लगेच वाईट वाटून घेऊ नकोस. मूळ शब्द आवाजाचा: वस्तू धपकन ठेवणं, खुर्चीत बदकन बसणं. 'बॅग इथं प्लाँक करू का?' असं विचारलं, तर नुसती जागा दाखव.

दुसरा अर्थ आपल्या धंद्यातला: स्वस्त, साधी वाइन. तो बहुधा फ्रेंच 'व्हँ ब्लाँ', म्हणजे पांढरी वाइन, यावरून आला. पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेलेल्या ऑस्ट्रेलियन सैनिकांच्या तोंडी त्याचं हे रूप झालं, असं मानतात. आपल्या शेनिन ब्लाँ या पांढऱ्या वाइनच्या लेबलावरचं 'ब्लाँ' तेच! मला हे फार आवडतं.

स्वतःच्या घरच्या बाटलीला कुणी 'प्लाँक' म्हटलं तर त्यात माया असते, आपण 'आमची मीठभाकरी' म्हणतो तशी. तू मात्र पाहुण्याच्या वाइनला कधीही तसं म्हणू नकोस. पहिल्याच हंगामात मी एकदा म्हणून बसले. गंगापूर धरणाकडे बघत खुशीत बसलेला तो माणूस एकदम गप्प झाला, आणि ग्लास अर्धा तसाच ठेवून उठला.