चिमणी, झुरळ आणि खिवाचं वाळवंट

मोदेस्त बोग्दानोव या रशियन प्राणिशास्त्रज्ञावर मागच्या वेळी लिहिलं, त्यावर बरीच पत्रं आली. त्यातली काही इथे घेतोय.

रशियन निसर्गकथा म्हटलं की आम्हाला विताली बिआंकी आठवतात. बोग्दानोव त्यांच्यानंतरचे का? (वाचक, नाशिक)

उलट, बरेच आधीचे. बोग्दानोव यांचा जन्म १८४१चा, सिम्बिर्स्क प्रांतातल्या एका खेड्यातला. १८८८मध्ये पन्नाशीही न गाठता ते गेले, तेव्हा बिआंकी जन्मायचे होते (१८९४). दुवा आहे तो पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीच्या प्राणिशास्त्र संग्रहालयाचा. बोग्दानोव यांनी तिथे काम केलं, आणि पुढे त्याच संग्रहालयाचा पक्षी विभाग बिआंकींच्या वडिलांकडे आला. आपल्याकडे रशियन बालसाहित्य आलं ते मुख्यतः सोव्हिएत प्रकाशनांमधून, त्यामुळे झारच्या काळातले हे गृहस्थ आपल्यापर्यंत फारसे पोचले नाहीत.

खिवाच्या स्वारीत ते सैनिक म्हणून गेले होते का? (वाचक, सोलापूर)

छे, सैन्याबरोबर गेलेले निसर्ग-अभ्यासक म्हणून. १८७३मध्ये रशियाचा जनरल काउफमन ताश्कंदकडून फौज घेऊन मध्य आशियातल्या खिवाच्या खानावर चालून गेला. वाट किझिलकुमच्या वाळवंटातून. विहिरी दूरदूर, पाणी बेताचं आणि खारट, उंट तर हजारांनी मेले. अशा तांड्याबरोबर चालताना हा माणूस पक्षी, सरडे, झुडपं टिपत होता! विज्ञान तोफांच्या मागून चाललं होतं, हे मात्र नाकारण्यात अर्थ नाही. खिवा पडलं, खान झारचा मांडलिक झाला, आणि संशोधकांना वाट मोकळी झाली.

त्या वाळवंटातला एक रहिवासी मला फार आवडतो. कावळ्याच्या कुळातला, पण जेमतेम साळुंकीएवढा पक्षी. अंग राखाडी, छातीवर काळा डाग, पाय लांब आणि भक्कम. त्याच्या मागे लागलात तर उडण्याऐवजी तो धावतच सुटतो आणि साक्साऊलच्या झुडपाआड दिसेनासा होतो. उडालाच, तर पंखांतलं काळं-पांढरं एकदम उघडतं. अशा प्राण्यांनी भरलेल्या किझिलकुमवर आणि खिवाच्या हिरव्या पट्ट्यावर बोग्दानोव यांनी १८८२मध्ये पुस्तक काढलं.

खिवाच्या स्वारीनंतर लगेच पुढच्या वर्षी, १८७४मध्ये, ते अरल-कास्पियन मोहिमेवर गेले. तेव्हाचा अरल म्हणजे जगातल्या सर्वांत मोठ्या सरोवरांपैकी एक. सोव्हिएत काळात त्याला मिळणाऱ्या आमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचं पाणी कापसाच्या शेतीकडे वळवलं आणि त्याचा बहुतेक भाग आटून गेला. म्हणून त्या काळच्या नोंदींना आज वेगळंच मोल आहे. आमू दर्यातला फावड्यासारख्या चपट्या नाकाचा स्टर्जन मासा त्या काळी शास्त्रज्ञांना नवलाचा होता. त्यातल्या एका जातीला काउफमनचंच नाव मिळालं, आणि आज ती नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे.

मुलांना पक्ष्यांवर प्रेम करायला शिकवणारा माणूस स्वतः पक्षी मारायचा, हे पटत नाही. (वाचक, ठाणे)

मलाही आजच्या डोळ्यांनी पाहिलं तर खटकतं. पण त्या काळी हातात आलेला पक्षी हाच पुरावा होता. कातडं सोलायचं, आतून आर्सेनिकचा साबण चोळायचा, कापूस भरायचा आणि पायाला चिठ्ठी बांधायची: जागा, तारीख, नर की मादी. चिठ्ठी नसली तर त्या कातड्याला शास्त्रात कवडीची किंमत नाही. व्होल्गाकाठच्या काळ्या मातीच्या पट्ट्यातल्या पक्ष्यांवर आणि सस्तन प्राण्यांवर त्यांनी १८७१मध्ये ग्रंथ काढला, नंतर कॉकेशसच्या पक्ष्यांवर लिहिलं. दोन्हींचा पाया ही चिठ्ठ्या बांधलेली कातडीच.

मुलांसाठी परीकथा लिहिणारे आणि भुताखेतांवर विश्वास असलेले प्राध्यापक ते हेच का? (वाचक, पणजी)

ते निकोलाय वाग्नर. घोटाळा होणं साहजिक आहे, कारण दोघेही काझान विद्यापीठातून पीटर्सबर्गला आलेले प्राणिशास्त्रज्ञ. वाग्नर यांनी १८६०च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं, की एका माशीच्या अळ्या प्रौढ होण्याआधीच पोटात नव्या अळ्या वाढवतात. यावर आधी लोकांचा विश्वास बसेना. भुतांवर मात्र वाग्नर यांचा स्वतःचाच बसला आणि त्यावरून रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्हशी जुंपली. बोग्दानोव परीकथांच्या वाटेला गेले नाहीत.

मग ते मुलांसाठी लिहायचे तरी काय? वर्गात वापरता येईल असं काही? (शिक्षिका, सांगली)

त्यांचं गाजलेलं पुस्तक माणसाच्या आश्रयाने राहणाऱ्या, गावाच्या जिवावर जगणाऱ्या प्राण्यांवर आहे. इतकं वाळवंट तुडवून आलेला माणूस मुलांना चुलीमागचं झुरळ दाखवतो! आणि ते दाखवताना शास्त्रात कुठेही पाणी घालत नाही, म्हणूनच मला ते त्यांच्या जाडजूड ग्रंथांपेक्षा कमी वाटत नाही.

वर्गात करायचं तर मुलांना जंगलात न्यायची गरज नाही. पाल, चिचुंद्री, घूस, साळुंकी, गोठ्यावरच्या चिमण्या, यांतला एकेक प्राणी वाटून द्या. तो खातो काय, राहतो कुठे, माणूस गावाला गेला की त्याचं काय होतं, हे आठवडाभर पाहून लिहायला सांगा. तारीख आणि जागा घालायला लावा. आणि पालीचा जिला किळस येतो, तिलाच पाल द्या.