स्विमिंग पूल हिरवागार झालाय, टँकर मागवू का?

प्रश्न: अलिबागजवळच्या आमच्या बंगल्यातला छोटा पूल पावसाळाभर बंद होता, आता पाणी हिरवं-गढूळ झालंय, खालची पायरीसुद्धा दिसत नाही. सगळं पाणी बदलायचं का?

उत्तर: अहो नको, एवढं पाणी कशाला वाया घालवता! आधी जाळीने पालापाचोळा काढा, भिंती ब्रशने घासा, मग पीएच (पाणी किती आम्ल की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) ७.२ ते ७.६ मध्ये आणा, कारण तो चढलेला असला की क्लोरीन कितीही ओता, जोरच धरत नाही. क्लोरीनचा मोठा डोस संध्याकाळीच द्या, उन्हात ते उडून जातं, आणि फिल्टर रात्रंदिवस चालू ठेवा. मग हिरवं पाणी दुधट-राखाडी दिसायला लागेल, घाबरू नका, ते मेलेलं शेवाळ आहे. सँड फिल्टरचं प्रेशर नेहमीपेक्षा ८-१० पीएसआय चढलं की बॅकवॉश करा, म्हणजे पाणी उलटं फिरवून फिल्टर धुवा, तळाचा गाळ व्हॅक्यूमने थेट बाहेर काढा.

आणि हे अगदी कळकळीने सांगते, पीएच उतरवायचं ॲसिड आणि क्लोरीन कधीही एकत्र करू नका, विषारी वायू होतो. क्लोरीन १ ते ३ पीपीएमवर (दहा लाख भाग पाण्यात १ ते ३ भाग) येऊन तळ स्वच्छ दिसेपर्यंत मुलांना उतरू देऊ नका, गढूळ पाण्यात बुडणारं मूल काठावरून दिसत नाही हो.