चाळिशीनंतरचा षड्ज

चाळिशीत गाणे शिकायला तानपुरा हाती घेतल्याने फार उशीर झाला, ही तुमची खंत मला समजते. परंतु १९१० साली जन्मलेल्या शास्त्रीय गायक मल्लिकार्जुन मन्सूर यांचे गायन देशभर खऱ्या अर्थाने गाजले, ते त्यांच्या उतारवयात. अर्थात त्यांची तालीम बालपणापासूनची होती, हे मी लपवणार नाही. द्रुत तानांची, म्हणजे वेगवान स्वरमालिकांची, चपळता कोवळ्या गळ्यात लवकर उतरते. मात्र विलंबित, म्हणजे संथ लयीच्या, ख्यालात एकेका स्वरावर थांबून राग उलगडण्यासाठी लागणारा धीर वयाबरोबरच येतो, असा माझा अनुभव आहे. म्हणून पहिले वर्षभर पहाटे अर्धा तास केवळ खर्ज भरावा, म्हणजे खालच्या सप्तकातले स्वर दीर्घ लावावेत, तानपुऱ्याच्या मधल्या जोडीच्या तारांत आपला षड्ज (सा) पूर्ण मिसळेपर्यंत तो सोडू नये, आणि पलटे, म्हणजे ठरावीक क्रमाने स्वर फिरवण्याचे सरावप्रकार, ठाय म्हणजे संथ लयीतच घोटावेत.