झिरो 18 अंशांवरच का येतो?

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग शिकवते. मुलं झेड ट्रान्सफॉर्मची (नमुन्यांच्या मालिकेला बीजगणितात मांडण्याची रीत) गणितं पटापट सोडवतात, पण व्हायव्हात ‘झिरो म्हणजे काय’ विचारलं की गप्प. वर म्हणतात, ‘मॅडम, आता खरखर एआयच काढतो, मग हे कशाला शिकायचं?’ काय सांगू त्यांना?
– एक प्राध्यापिका, सांगली

उत्तर : मुलांचा प्रश्न रास्त आहे, त्याला बगल देऊ नका. त्यांना व्हिस्पर उघडून दाखवा. बोललेलं लिहून देणारं हे मॉडेल ओपनएआयनं 2022 साली खुलं केलं. त्यात आवाज सेकंदाला 16,000 नमुन्यांनी येतो. दर 10 मिलिसेकंदांनी त्यातला 400 नमुन्यांचा तुकडा उचलून त्याचं फुरिए रूपांतर केलं जातं, म्हणजे त्यात कुठल्या वारंवारता किती आहेत हे काढलं जातं, आणि न्यूरल नेटवर्कचं काम त्यानंतर सुरू होतं. या पहिल्या पायरीवर काय हरवलं, हे ज्याला कळत नाही, त्याला पुढची चूकही सापडत नाही.

आता झिरो. व्याख्येनं सुरुवात करूच नका, ईसीजी घ्या. आपल्या विजेची 50 हर्ट्झची गुणगुण त्यात हमखास मिसळते. सेकंदाला 1000 नमुने घेतले, तर गुणगुणीचं एक आवर्तन बरोबर 20 नमुन्यांत बसतं. मुलांना लागोपाठच्या 20 नमुन्यांची सरासरी वहीत काढायला लावा. जितकं वर तितकंच खाली, बेरीज शून्य, गुणगुण गेली! मग त्याच सरासरीचं झेड ट्रान्सफॉर्म काढून ते जिथे शून्य होतं ते बिंदू, म्हणजेच झिरो, एकक वर्तुळावर (त्रिज्या 1) मांडू द्या. पहिला येतो 18 अंशांवर. पूर्ण फेरी म्हणजे 1000 हर्ट्झ, तर 50 हर्ट्झ म्हणजे 18 अंश. झिरो ज्या कोनावर, ती वारंवारता पुसली जाते. हे मुलांना स्वतःला सापडू द्या, तुम्ही आधी बोलू नका.

पण तिथे थांबलात तर अर्धवट शिकवलंत. आधीचा आणि नंतरचा ईसीजी एकावर एक ठेवून बघायला सांगा. ठोक्याचं टोकदार शिखर, ज्याला डॉक्टर ‘आर’ म्हणतात, ते बसकं झालेलं दिसेल. निदानासाठी जे जपायचं, तेच आपण बोथट केलं. ‘सर्व बाजूंनी न घासता फक्त 50 काढता येईल का?’ हा प्रश्न वर्गातूनच येतो, आणि पोल, म्हणजे झेड ट्रान्सफॉर्म जिथे अनंत होतं तो बिंदू, शिकवायची वेळ तीच. अधिक-उणे 18 अंशांवरच्या झिरोंलगत, वर्तुळाच्या किंचित आत, एकेक पोल ठेवायचा. पोल वर्तुळाला जितका जवळ, तितकी 50 हर्ट्झभोवतीची खाच, म्हणजे पुसला जाणारा पट्टा, अरुंद. मात्र फिल्टरला स्थिरावायला तितकाच जास्त वेळ.

सॅम्पलिंगच्या प्रमेयाला फळ्याआधी स्पीकर लावा. 500 पासून 7500 हर्ट्झपर्यंत चढणारा सूर पायथनमध्ये सेकंदाला 8000 नमुन्यांनी बनवून वाजवा. 4000 ला, म्हणजे नमुन्यांच्या निम्म्या दराला, पोचला की तो उतरायला लागतो. लिहिलाय आरोह, ऐकू येतो अवरोह. एवढं ऐकवलं की निम्मा युनिट झाला.

जर्नलात तयार कोड उतरवून घेणं मात्र बंद करा. ईसीजीच्या नोंदी फिजिओनेट या वैद्यकीय नोंदींच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. तिथला एमआयटी-बीआयएच संग्रह अमेरिकेतला, म्हणजे वीज 60 हर्ट्झची आणि नमुने सेकंदाला 360. 60 ची खाच सोपी जावी म्हणूनच हा दर निवडला होता. किती नमुन्यांची सरासरी घ्यायची आणि पहिला झिरो कुठे येणार, एवढंच व्हायव्हात विचारा.